सतरा जणांचं ग्रीस

विजयमालाकाकूंच्या लग्नाला तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत त्या नवऱ्यासोबत दोघंच अशा कुठं गेल्या होत्या म्हणाल, तर कुठंच नाही. नवरा म्हणजे राधाकिशन अण्णा, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. यातला 'माजी' घरात कुणी उच्चारायचा नाही, उच्चारला की अण्णा जेवणावरून उठत. असा माणूस एकटा फिरत नसतो. लग्नानंतर जोडीनं कपिलधारला गेले, तेव्हा जीपमध्ये अकरा माणसं होती. अण्णा धबधब्याखाली मित्रांबरोबर आरडाओरडा करत होते आणि नवी नवरी काठावर भजी तळत होती. पुढं गोव्याला गेले ते सोसायटीच्या संचालक मंडळाबरोबर. तिथं समुद्र असतो म्हणे. काकू बसमध्ये बसून सगळ्यांच्या बॅगा राखत होत्या, त्यामुळे खात्रीनं सांगता येत नाही.

म्हणून पुण्यात नोकरीला असलेल्या लेकानं, प्रविणनं, लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाचं निमित्त काढून फोनवर ग्रीसचं नाव घेतलं, तेव्हा काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "किती जण?"

"दोघंच की, आई. तू आन् अण्णा. मे महिन्यात आठ दिवस. क्रीट आन् सँतोरिनी, दोन बेटं हायेत."

"दोघंच?"

"दोघंच!"

पुढं प्रविण बरंच बोलला. पांढरी घरं, निळं पाणी, डोंगराच्या कडेला हॉटेल. काकूंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. दोघंच. आणि चारी बाजूंनी पाणी, म्हणजे कुणी सहज म्हणून मोटारसायकलवर येऊन टपकायची सोय नाही. देव भलं करो त्या बेटांचं!

त्या दिवसापासून काकू तयारीला लागल्या. बीडहून बूट आणले आणि नेसत्या लुगड्यावर घालून माडीवर चालून पाहिले. मोबाइलवर नकाशा उघडून बेटांवर बोट फिरवत बसायच्या. पहिल्या दिवशी कुठंच जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं. पाण्यासमोर खुर्च्या टाकून बसायचं. बोलायला दुसरं माणूसच नसल्यावर अण्णा झक मारत आपल्याशी बोलतील. काय बोलतील, हे मात्र काकूंना सुचेना. तीस वर्षं सरावच नव्हता. त्या विचारानं त्यांना जरा भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त हसू आलं.

प्रविणनं दोघांच्या व्हिसाचे कागद मार्चमध्येच भरले. पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन झाले. अण्णा बिचारे आठ दिवस गप्प राहिले. नवव्या दिवशी त्यांनी त्रिंबकला सांगितलं.

त्रिंबक हा अण्णांचा उजवा हात. डावाही तोच. त्याला सांगितलेली गोष्ट शेजारच्या पाली गावापर्यंत पोचायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही.

"अण्णा, आमाला सोडून?" त्रिंबकच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याला केव्हाही आणता येतं. "समुद्रच बघायचा तर आपलं बिंदुसरेचं धरण काय वाईट हाय? भरलं की पलीकडचा काठ दिसत न्हाई."

झालं. अण्णा विरघळले. त्रिंबकचं नाव घातलं, मग सोसायटीच्या चेअरमनला कसं वगळायचं? चेअरमन आला की रेशनवाला रुसतो. विरोधी गटातले दोघं फुटायच्या बेतात होते, त्यांनाही घ्यायलाच हवं. जेवणाचे हाल नकोत म्हणून आचारी रामकिसन. करता करता यादी सतरावर गेली. सतरा जण मिळून दोघांच्या लग्नाचा वाढदिवस!

"आपुन दोघंच कावून जायचं?" अण्णा जेवता जेवता म्हणाले. "लोक म्हणतील बायकोला घिऊन मजा मारायला गेलता. अभ्यास दौरा करू. तिकडं ऑलिव्ह नावाचं झाड असतंय. कमी पाण्यात येतंय म्हणं. आपल्याकडं पानी न्हाईच. एकदम फिट बसतंय."

"आवो, पण लग्नाचा वाढदिवस हाय ना त्यो?"

"त्यो बी करू की तिकडं. सतरा मानसं हायेत, लई जोरात व्हईल."

काकूंनी ताटात भाकरी वाढली.

तिसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. पाठीमागं निळा समुद्र, आणि समुद्रातून उगवलेले अण्णा, कानाला मोबाइल लावून. 'ग्रीस अभ्यास दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' खाली शुभेच्छुकांचे तिकिटाएवढे फोटो. त्यात त्रिंबक आणि रेशनवाला यांच्या मधोमध स्वतः विजयमालाकाकू. त्यांच्याच सहलीला त्या शुभेच्छा देत होत्या! काकू फ्लेक्सखाली उभ्या राहून हसल्या. मग घरी येऊन मोरीत तोंड धुतलं, बराच वेळ.

सत्कारही उरकून घेतला. व्हिसा यायचा होता, पण फेटे स्वस्तात मिळत होते.

राहिला प्रश्न पंधरा जणांच्या कागदांचा. प्रविणनं कानावर हात ठेवले. मग गावातच ऑनलाइनची कामं करणाऱ्या उत्तरेश्वरनं फॉर्म भरले. मोठा प्रामाणिक माणूस. जो जे सांगेल ते जसंच्या तसं इंग्रजीत घालायचा. व्यवसाय काय? 'राधाकिशन अण्णांचा कट्टर समर्थक.' तिकडे जाण्याचं कारण? 'अण्णा चाललेत म्हणून.' तिकडे कुणाला ओळखता? 'अण्णांना.' परत कधी येणार? 'अण्णा म्हणतील तेव्हा.' पंधरा फॉर्म, पंधराही जणांची उत्तरं तीच, आणि प्रत्येकाला पुरावा म्हणून फ्लेक्सचा फोटो जोडलेला. दोन गाड्या करून मंडळी पुण्याला ठसे देऊन आली. वाटेत दोनदा जेवली.

काकू मनातल्या मनात देवाला म्हणत होत्या, बाबा, एवढ्या एका बाबतीत तरी व्हिसाच्या साहेबलोकांना अक्कल दे.

दिली. अण्णा आणि काकूंचा व्हिसा आला. पंधरा जणांचा नाकारला.

काकूंनी देवापुढं साखर ठेवली. गावात पंधरा घरांत तोंडं पडलेली आणि आपण साखर ठेवतोय, याची त्यांना लाज वाटली. म्हणून एक चिमूट स्वतःच्याही तोंडात टाकली. आता दोघंच! आपण काही केलं नाही, भांडलो नाही, रडलो नाही, तरी यादी आपोआप दोघांवर आली. त्यांनी अण्णांच्या दोन सुती पैरणी इस्त्रीला काढल्या.

अण्णा मात्र सकाळभर डोकं धरून बसले होते. "पंधरा मानसं इथं टाकून आपुन गेलो तर माझं काय राहतंय बे?" ते त्रिंबकला म्हणाले. "इलेक्शन कवाबी लागंल."

दुपारी चारला मंदिरासमोर निषेध सभा झाली. "ज्या देशात माज्या त्रिंबकला जागा न्हाई," अण्णा माइकवर गरजले, "त्या देशात हा राधाकिशन पाय ठेवनार न्हाई!" टाळ्या, शिट्ट्या, फटाके. ग्रीस दुबईच्या अलीकडं लागतं असं कालपर्यंत सांगणाऱ्या रेशनवाल्यानं सगळ्यांत मोठ्या आवाजात निषेधाच्या घोषणा दिल्या. ग्रीसला हे कळलं असतं तर बरं झालं असतं. मग त्रिंबकनं माइक घेतला आणि अण्णांबरोबर काकूंनीही केवढा त्याग केला, ते सांगितलं. काकूंना व्यासपीठावर बोलावून शाल-नारळ दिला. आपण त्याग केलाय, हे काकूंना तिथंच कळलं.

दिवेलागणीला अण्णा हार घेऊन घरात आले, तर पलंगावर बॅग उघडी. तिच्यात लुगडी, औषधं, शेंगदाण्याची चटणी. इस्त्री केलेल्या दोन पैरणी बाजूला खुर्चीवर.

"हे काय गं?"

"बॅग भरतेय."

"दौरा रद्द झाला की. भाषण ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. चांगलं झालं. तुमचा दौरा रद्द झाला. माझी सहल हाय."

अण्णा हसले. मग काकू हसत नाहीत हे पाहून थांबले. "एकटी? आगं, तुला विंग्रजीचा एक शब्द येत न्हाई."

"त्यास्नी तरी मराठी कुठं येतंय? चाललंच हाय की त्यांचं. प्रविण विमानात बसवून देनार हाय, तिकडं हॉटेलवाले न्यायला येनार हायेत. इचारून घेतलंय मी."

"आन् लोकास्नी काय सांगू?"

"सांगा कायबी. सांगायचं काम तुमचंच हाय."

अण्णा पलंगाच्या कडेला टेकले. हार बाजूला ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "माझं तिकीट काढल्यालं हाय, विजू. तुज्या शेजारची जागा तिथवर मोकळीच जाईल."

"जाऊ द्या," काकू म्हणाल्या. "मला सवय हाय."

अण्णांनी मान वर केली. काहीतरी बोलणार होते, यावेळी खरंच बोलणार होते. तेवढ्यात बाहेरून हाक आली, "अण्णा, पेपरवाले आलेत, निषेधाचा फोटो घ्यायचाय!"

अण्णांनी टोपी नीट केली, हार पुन्हा गळ्यात घातला आणि बाहेर गेले.