बिकेनतोआचा सांजेचा टोल

मित्रांनो, मी एक जुना, बूड कापलेला गॅसचा सिलिंडर आहे. बिकेनतोआ बेटावरच्या शाळेमागे केवड्याच्या झुडपात आडवा पडलो आहे. शाळेला आता सूर्याच्या उन्हावर चालणारी विजेची घंटा आली, त्यामुळे मला खाली उतरवलं. पावसाचं पाणी माझ्यात एका बाजूने शिरतं आणि दुसऱ्या बाजूने निघून जातं. खेकडे येऊन जाऊन असतात. मला त्याचं वाईट वाटत नाही. बरंही वाटत नाही. तुम्ही मुलं जवळ येऊन बसलात, म्हणून सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. पत्रा वाकवला, सांधला, रंग दिला आणि पोटात गॅस भरला, एवढं आठवतं. पुढची बरीच वर्षं मी एका मालवाहू जहाजाच्या स्वयंपाकघरात काढली. माझ्या गॅसवर भात शिजला, मासे तळले गेले. स्वयंपाकी मला थोपटून म्हणायचा, हा माझ्या लग्नापेक्षा जास्त टिकला. मग एका बंदरात तपासनीस आला आणि त्याने माझ्यावर लाल फुली मारली. त्या जहाजावर बिकेनतोआचा एक खलाशी होता, ताकेआ. त्याने मला स्वयंपाक्याकडून मागून घेतलं आणि नोकरी संपवून घरी परतताना बरोबर आणलं. करवतीने माझं बूड कापलं आणि दारातल्या नीरफणसाच्या झाडाला तारेने टांगलं.

ताकेआचं घर बेटाच्या दक्षिण टोकाला होतं. बेटाभोवती प्रवाळाचा बांध आहे, आणि समुद्रातून आत यायला त्या बांधात एकच खिंड आहे, ती बरोबर त्याच्या घरासमोर. सर कोसळली की खिंड दिसेनाशी होते. तो बायकोला, तिनाबोराला, म्हणाला होता, "मी बाहेर असलो आणि आभाळ भरलं, तर हा ठोकत राहा. मी तुझ्या आवाजावर होडीचं नाक धरून येईन."

तो तसा येतही असे. पाऊस ओसरला की त्याची उलांडीची, म्हणजे एका बाजूला तरता ओंडका बांधलेली, होडी खिंडीतून आत शिरायची आणि किनाऱ्याला लागता लागता तो तिला ओरडून सांगायचा, की तुझा हात दुखला असेल, पण माझे कान त्याहून दुखताहेत.

एका अगदी शांत सकाळी तो मासेमारीला गेला आणि परत आला नाही. आभाळ स्वच्छ होतं. शेजारच्या बेटांवरच्या होड्या शोधायला गेल्या आणि रिकाम्या आल्या. तिनाबोराने शोक केला नाही. ती रोज दिवस मावळताना, होड्या परतायच्या वेळेला, लोखंडी कांब घेऊन माझ्यापाशी येई आणि मला ठोके. मग घरात जाऊन चूल पेटवी. गावात कुणी तिला काही विचारलं नाही.

असं चाललेलं असताना चर्चच्या बोटीतून स्वयंसेवक आले. फिलिपिन्सची माणसं होती. लाकूड, पत्रे, खडूंची खोकी, देवाची पुस्तकं असं सगळं घेऊन आली. तोवर आमची मुलं दुसऱ्या बेटावर नातेवाइकांकडे राहून शिकायची. लहान वयात जायची आणि आईची हाक विसरून परत यायची. म्हणून गावाने आनंदाने उत्तर टोकाची जागा शाळेला दिली. बायकांनी केवड्याच्या पानांचं छप्पर विणलं, पुरुषांनी खांब रोवले. काम संपल्यावर बाकीचे स्वयंसेवक परतले. क्रिसांतो नावाचे गुरुजी आणि त्यांची बायको डेल्फिना मात्र शिकवायला राहिले.

आमच्या बेटावर एक रीत आहे. कुणी तोंडाने एखादी वस्तू मागितली, तर ती द्यायची. नाही म्हणायचं नाही. ती आपल्यालाच का हवी आहे हे मागणाऱ्याला सांगणंही नाही म्हणण्यासारखंच. क्रिसांतो गुरुजी पहिल्यांदा कुणाकडे काही मागेनात, तेव्हा लोक रुसले. हा आम्हाला परका समजतो, म्हणू लागले. मग गुरुजी शिकले. त्यांनी नीरा काढणाऱ्या तेबाउकडे कोंबडा मागितला आणि तो मिळाला. दुसऱ्या दिवशी तेबाउने त्यांची विजार मागितली. गुरुजींनी दिली आणि लुंगी गुंडाळून शाळेच्या कामाला आले. सगळा गाव बघायला जमला.

तेबाउ त्यांचीच विजार घालून उभा होता. म्हणाला, "गुरुजी, सदरा जपा हं. माझ्या मेव्हण्याची छाती तुमच्याएवढीच आहे."

डेल्फिनाबाई हसून हसून खाली बसल्या. त्या दिवसापासून गुरुजी आमचे झाले.

शाळा उघडायला थोडेच दिवस उरले आणि घंटा नव्हती. गुरुजींनी रोज सांजेला माझा आवाज ऐकला होता. ते रीतीप्रमाणे तंबाखू घेऊन तिनाबोराकडे आले, तिच्या चटईवर मांडी घालून बसले, हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "बाई, शाळेला घंटा नाही. तुमच्या झाडावरची मी मागतो."

तिचे विणणारे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

"न्या," ती म्हणाली.

गुरुजींनी मला खांद्यावर घेतलं आणि गावामधून चालत नेलं. लोकांनी पाहिलं. कुणी अडवलं नाही, कारण दुसऱ्याच्या वतीने नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. म्हातारे उएंताबो तर समाधानाने मान हलवत राहिले. ते आमचे प्रवचनकार. त्यांना वाटलं, बरं झालं, आता पोरगी त्या वाट बघण्यातून मोकळी होईल. गुरुजी खुशीत होते. इतकं सरळ मागता आलं, म्हणजे आपण बेटाचे झालो, असं त्यांना वाटत होतं.

त्या सांजेला तिनाबोराने पातेल्याचं झाकण बडवलं. आवाज पाण्याच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच पडला.

शाळा उघडायच्या दिवशी सगळं गाव सभाघरात जमलं. मला खांबाला टांगून ठेवलं होतं. उएंताबोंनी प्रवचन गायलं. मित्रांनो, उएंताबोंचं प्रवचन तुम्ही ऐकलेलं नाही, म्हणून सांगतो. ते आधी बोलत, मग बोलता बोलता त्यांचा आवाज कधी सुरात शिरे ते कळत नसे. कथेतला माणूस चालला की त्यांचा ठेका चाले, तो थकला की ठेका थके. शेवटची ओळ ते अर्धी सोडून देत आणि सगळं सभाघर ती पुरी करी. बायका सुराच्या वरून, पुरुष खालून. तसं गाणं ऐकल्यावर देव जवळच कुठेतरी चटई शोधत असेल असं वाटे. माझ्या लोखंडातही ते घुमत असे.

त्या दिवशी त्यांनी मंदिरात आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं वाहून टाकणाऱ्या गरीब विधवेची कथा लावली. श्रीमंत आले, देऊन गेले. मग ती आली. उएंताबो गात होते, विधवेने काय दिलं, आणि सभाघर म्हणत होतं, सगळं दिलं, सगळं दिलं. मुलं टाळ्या वाजवत होती. डेल्फिनाबाईंचे डोळे भरले होते. मग म्हाताऱ्यांनी गाता गाताच हात लांब केला, तिनाबोराकडे दाखवलं आणि म्हणाले, ती इथंच बसली आहे.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहून पुन्हा म्हटलं, सगळं दिलं.

तिनाबोरा उभी राहिली. सभाघरात म्हाताऱ्यांच्या मध्ये बाई सहसा उभी राहत नाही.

"उएंताबो आजोबा," ती म्हणाली, "मी विधवा नाही."

गाणं थांबलं. कुणीतरी मुलाच्या हातांवर हात ठेवला.

गुरुजी उठून तिच्यापाशी आले. त्यांना आता समजायला लागलं होतं. खाली बघत म्हणाले की मी ती घंटा आजच परत आणून टांगतो.

"दिलेलं परत घेतलं तर मी कोण राहिले?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. मासे किती मिळाले हे सांगावं तसं बोलत होती. "आता मी मागते, गुरुजी. सकाळी खुशाल वाजवा. सांजेला वाजवू नका. शाळेच्या बाजूला बांधाला वाट नाही. तो आवाजावर येईल आणि खडकावर फुटेल."

मागितलेलं द्यावं लागतं. गुरुजींनी दिलं.

मग माझी शाळेतली वर्षं सुरू झाली. सकाळी मी वाजायचो आणि मुलं धावत यायची. पुष्कळ लोक म्हणाले, काय आवाज आहे. सांजेला मी मुका असायचो. शाळेची सांजप्रार्थना होती, मोठ्यांचे वाचनवर्ग होते, पण टोल नव्हता. डेल्फिनाबाई दारोदार फिरून माणसं बोलवायच्या. नवे स्वयंसेवक येत आणि विचारत, घंटा असताना हे काय. गुरुजी म्हणत, आमच्याकडे असंच आहे. उएंताबोंनी विधवेची कथा पुन्हा कधी लावली नाही. ते सांजेला काठी टेकत दक्षिण टोकाला जात, तिनाबोराशेजारी वाळूत बसत. काही गात नसत. पुढे ते वारले. तिनाबोराचे केस पांढरे झाले. ती झाकण वाजवतच होती. मला त्याचं दुःख होतं असं म्हणता येणार नाही. लोखंड गार असतं, एवढंच.

एका दुपारी ती शाळेत आली. गुरुजी फळा पुसत होते.

"आज सांजेला वाजवा," ती म्हणाली.

गुरुजींनी विचारलं, काही कळलं का. ती म्हणाली, नाही.

"मग?"

"इतकी वर्षं समुद्रात राहिलेल्या माणसाला वाट दाखवायला कुणी लागत नाही, गुरुजी. आणि मला बघायचंय, गाव संध्याकाळी एकत्र कसं येतं."

गुरुजी पुन्हा फळा पुसू लागले. ती म्हणाली, "मी मागते आहे."

दिवस मावळताना त्यांनी मला ठोकलं. पहिला टोल फाटका निघाला, नंतरचे नीट. बायका दारात आल्या. होड्यांवरच्या पुरुषांनी वल्ही थांबवली. सगळ्यांना समजलं. लोक आपापली चटई काखेत मारून शाळेकडे न येता दक्षिणेकडे चालू लागले, कारण मयताच्या घरी जायचं असतं. डेल्फिनाबाईंनी वाटेत तिनाबोराचा हात धरला. मागाहून तिकडून गाण्याचा आवाज आला. बायकांचा वरून, पुरुषांचा खालून. मी खांबाला लटकत होतो, अजून थोडा हलत होतो.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जीव शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. माझी घ्यायला नको. पण कुणाच्या दारात टांगलेली एखादी वस्तू तुम्हाला हवीशी वाटली, तर लगेच मागू नका. समोरचा देईलही, तुमच्याकडेही देणारी माणसं असतीलच. आधी त्या अंगणात थोडं बसा. सांज होऊ द्या. ती वस्तू कोण हातात घेतं आणि कुठे बघत राहतं, ते पाहा.