रांजणाचं जाळं

मित्रांनो, मी एक जुनं जाळं आहे. ओढ्यात टाकून पोरं खेळतात तसलं चिमुकलं नव्हे, तर दोन माणसांनी धरून नदीतून ओढायचं मोठं जाळं. बीड जिल्ह्यात, युसूफ वडगावच्या शिवेजवळ, मांजरा नदी जिथे वळण घेते तिथे भोयांची सहा घरं होती. निजामाचं राज्य होतं तेव्हा. त्या सहा घरांतल्या सटवा भोयाच्या घरी मी तयार झालो.

मला घडवलं ते खरं त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं. तिनं बांधावर ताग पेरला, कापला, डोहात कुजवला, सोलून धुतला आणि पायरीवर बसून मांडीवर वळून वळून त्याचा दोरा केला. पावसाळाभर ती दोराच वळत होती. मग बांबूची सुई हातात घेऊन तिनं गाठी मारायला सुरुवात केली. ती डावखुरी होती, त्यामुळे तिची प्रत्येक गाठ उलट्या अंगानं बसे. वस्तीतल्या बायका हसत. पण गाठ बसली की सुटत नसे, म्हणून पुढे त्यांचं हसणं थांबलं. सटवानं मातीचे मणी भाजून माझ्या खालच्या कडेला ओवले, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे तुकडे वरच्या कडेला बांधले आणि बाभळीच्या सालीच्या काढ्यात मला तीन दिवस बुडवून ठेवलं. बाहेर निघालो तेव्हा मी जांभळट तांबडा झालो होतो आणि माझं वय एक वर्षाचं झालं होतं.

पहिल्याच ओढीला माझ्यात दोन मोठ्या वांबी आणि टोपलीभर मरळ आली. केजच्या बाजारात लोक विचारू लागले, सटवाचे मासे आले का. मित्रांनो, कौतुक कुणाला आवडत नाही? मलाही आवडत असे. पण मी किती महागाचा होतो हे मला कळलं ते मुक्ताबाईच्या तोंडून.

मुक्ताबाई वस्तीतली सगळ्यांत वयस्कर बाई. तरुणपणी तिच्या नवऱ्याचं जाळं पुरात वाहून गेलं होतं. जाळं गेलेल्या भोयाला त्या काळी एकच काम उरत असे, मेणा उचलायचं. तो जहागीरदाराचा मेणा उचलून कोसकोस चालला आणि चाळिशीतच खांदा मोडून घरी बसला. ते दिवस मुक्ताबाई विसरली नव्हती. नवरा गेल्यावर तिनं सहाही घरांच्या बायकांना अंगणात बोलावलं आणि एक मोठा रांजण मधोमध आणून ठेवला. दर अमावस्येला, म्हणजे मासेमारी बंद असते त्या दिवशी, प्रत्येक घरानं दोऱ्याची एक लडी या रांजणात टाकायची. ज्याचं जाळं पुरात जाईल, सुसर फाडील किंवा चोरीला जाईल त्याला रांजणातला दोरा मिळेल, आणि गाठी मारायला सगळी वस्ती बसेल. एकट्याला जे काम वर्षभर पुरतं ते सहा घरांत महिन्यात होईल.

एक अट मात्र तिनं घातली. जाळं ओलं गुंडाळून कुजवलं, उंदरांना खाऊ दिलं, किंवा घरी न आणता नदीवर सोडून दिलं, तर लडीचा एक धागाही मिळणार नाही. ती म्हणाली, "रांजण नशिबासाठी हाय. आळसासाठी न्हाई."

सगळ्यांना ते पटलं. चार वर्षं रांजण भरत गेला.

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला अजूनही संकोच वाटतो. माझा मालक वाईट माणूस नव्हता. पण तो कंटाळा करणारा होता. एके दिवशी दुपारभर ओढून झाल्यावर मी पाणी पिऊन जड झालो होतो. बाकीचे आपापली जाळी खांद्यावर टाकून वर गेले. सटवानं मला काठावरच्या बाभळीवर टाकलं आणि म्हणाला, सकाळी इथंच यायचं हाय, कशाला वाहून न्यायचं. बायनाबाईनं घरी विचारलं तेव्हा त्यानं हात झटकला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत एक लंगडणारा माणूस काठानं आला. तो माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. गाठी चाचपल्या, इकडे तिकडे पाहिलं, खाली बसला, पुन्हा उठला. शेवटी त्यानं मला बाभळीवरून उतरवलं, दोन मणी निखळून पडले ते शोधून उचलले आणि मला पाठीवर घेऊन नदीच्या वरच्या अंगाला चालू लागला. मी कुणाला हाक मारणार? जाळ्याला तोंडं हजार असतात, पण आवाज एकही नसतो.

मागे काय घडलं ते मला फार उशिरा कळलं. सटवानं वस्तीला सांगितलं की जाळं घराच्या वळचणीखालून चोरीला गेलं. बायनाबाई तिथंच उभी होती. तिला खरं ठाऊक होतं. पण घरात सासू अंथरुणाला खिळलेली, पदरात दोन लेकी. नवऱ्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं तर दोरा मिळणार नाही आणि त्याला मेणा उचलायला जावं लागेल. ती गप्प राहिली. मुक्ताबाईनं रांजणाचं तोंड उघडलं. गहिनीनाथ नावाचा शेजारी, जो बोलायला फटकळ पण कामाला पहिला, त्यानं तर आपली नदीवरची खेप बुडवून गाठी मारल्या. महिन्याभरात सटवाचं नवं जाळं तयार झालं. बायनाबाई पुढे सांगायची की त्या जाळ्यातला मासा तिच्या घशाखाली सुखानं उतरला नाही.

मी मात्र चौसाळ्याच्या अलीकडे, नदीकाठच्या एका एकट्या झोपडीत पोचलो होतो. तो लंगडा माणूस म्हणजे आश्रुबा. त्याच्या बायकोचं नाव केसरबाई. त्यांचं जाळं आदल्या पावसाळ्यात पुरात गेलं होतं. सरकारी सडकेवर खडी फोडताना आश्रुबाच्या पायावर दगड पडला आणि तेही काम सुटलं. त्यांच्या आसपास दुसरं भोयांचं घर नव्हतं, की रांजण नव्हता. मला पाहताच केसरबाईनं नवऱ्याला विचारलं की हे कुणाचं. तो निखळलेले मणी ओवत बसला. ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चूल पेटवायची होती, तेव्हा तिनंच मला उचलून नदीकडे नेलं.

मित्रांनो, चोराच्या घरी माझी हेळसांड झाली असेल असं तुम्हांला वाटेल. तसं झालं नाही. केसरबाई मला रोज स्वच्छ पाण्यात झटकून सावलीत वाळवायची. माझा एक कोपरा दगडाला अडकून फाटला, तो तिनं आपल्या हातच्या जाड दोऱ्यानं शिवला. पावसाळ्याआधी पुन्हा बाभळीचा काढा दिला. सटवाच्या घरी असा काढा मला दुसऱ्यांदा कधी मिळालाच नव्हता.

दीड वर्षानं बायनाबाई चौसाळ्याला नात्यातल्या बारशाला गेली. येताना नदीच्या वाटेनं येत होती, तेव्हा बोरीच्या सावलीत वाळत घातलेलं जाळं तिला दिसलं. ती जवळ आली. तिनं माझी एक गाठ बोटांत धरली आणि उलट्या अंगानं बसलेली ती गाठ पाहून एकामागून एक गाठी चाचपू लागली.

झोपडीतून केसरबाई बाहेर आली. उन्हातून आलेली बाई दिसली म्हणून तिनं आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. बायनाबाईनं पाणी घेतलं. मग जाळ्यावरचा हात न काढता म्हणाली, "हे माझ्या हातचं हाय."

केसरबाईचा चेहरा उतरला. पण ती खोटं बोलली नाही. खाली बसली आणि पूर, खडी, पाय, सगळं एकेक करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "घेऊन जा बाई. आमाला ठावं होतं, कुणीतरी येणार."

बायनाबाईनं मला त्या दिवशी उचललं नाही. ती रिकाम्या हातानं घरी गेली, आणि सटवाला सांगितलं. तिला वाटलं होतं की तो ओशाळेल. तो उलट खूश झाला. गहिनीनाथला घेऊन तो चौसाळ्याकडे निघाला आणि तिसऱ्या दिवशी मला आणि आश्रुबाला दोघांनाही वस्तीवर घेऊन आला. मागोमाग केसरबाईही चालत आली.

मुक्ताबाईच्या अंगणात सगळे जमले. मला मधोमध ठेवलं होतं. गहिनीनाथ रागानं लाल झाला होता. आश्रुबाला म्हणाला, "का रं, भोई असून भोयाचं जाळं चोरतोस? केजच्या ठाण्यात अमीनसाहेबाच्या हवाली करतो तुला."

सटवाला मात्र मला घरी न्यायचं होतं. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपली वस्तू सापडली, आपण न्यावी. तेव्हा मुक्ताबाईनं मान हलवली. ती म्हणाली की जाळं गेलं तेव्हा वस्तीनं तुला त्याच्या बदल्यात दुसरं जाळं दिलं. दोन्ही जाळी तुझी कशी? सापडलेलं जाळं आता रांजणाचं, म्हणजे सगळ्यांचं.

सटवा चिडला. आश्रुबाकडे बोट दाखवून म्हणाला की माझ्या वळचणीतून यानं माल नेला, नुकसान माझं झालं.

इतका वेळ खाली बघणारा आश्रुबा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "चोरी केली मी. पण कुणाच्या घरात न्हाई शिरलो. जाळं नदीवर बाभळीवर पडलं होतं."

गहिनीनाथनं सटवाकडे पाहिलं. सटवा म्हणाला, चोराचं काय ऐकता. आणि खरंच, मित्रांनो, कुणीही चोराचं ऐकलं नसतं. गोष्ट तिथंच मिटली असती. आश्रुबा ठाण्यात गेला असता आणि सटवाचं खोटं कायमचं खरं झालं असतं.

बायनाबाई बायकांच्या मागे उभी होती. ती पुढे आली. ती नवऱ्याकडे न बघता मुक्ताबाईकडे बघून म्हणाली, "तो खरं बोलतोय. जाळं नदीवरच होतं. आमी खोटं बोलून दोरा घेतला, आन् मला ते ठावं होतं."

सटवानं डोळे मिटून घेतले. गहिनीनाथच्या मनात काय आलं असेल ते मी सांगू शकत नाही. त्यानं सटवासाठी खेप बुडवली होती. तो नुसता उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिला. त्यानंतर ठाण्याचं नाव त्यानं काढलं नाही.

मुक्ताबाईनं रांजणाच्या काठावर हात ठेवला. मग तिनं सांगितलं ते असं. सटवाच्या घरानं घेतलेला दोरा दुप्पट करून परत टाकायचा, अमावस्येला नेहमीची एक लडी आणि वर दोन. आश्रुबानं चोरी केली, त्याची शिक्षा म्हणून पुढच्या पावसाळ्यात वस्तीत कुणाचंही जाळं फाटलं तर त्यानं येऊन ते शिवायचं, मग पाय दुखो की काही होवो. आणि मी? मला तिनं आश्रुबाच्या हाती दिलं, पण मालकीनं नव्हे. जाळं रांजणाचं, वापर आश्रुबाचा. दर तिसऱ्या अमावस्येला त्यानं तीन लड्या आणाव्यात, जाळंही आणून दाखवावं, आणि ते नीट ठेवलेलं नसलं तर परत घेतलं जाईल.

एकानं विचारलं की चोरालाच कशाला आपल्यात घ्यायचं. मुक्ताबाई म्हणाली, "त्याच्या गावी रांजण असता तर तो इथवर कशाला आला असता?"

तिसरी अमावस्या आली तेव्हा वस्तीतल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की आश्रुबा येणार नाही. दुपार कलली. आणि नदीच्या वाटेनं केसरबाई आली. डोक्यावर मी, हातात तांबूस, जाड दोऱ्याच्या तीन लड्या. आश्रुबा मागून काठी टेकत येत होता. गहिनीनाथनं मला उलगडून कडेकडेनं तपासलं, ओढून पाहिलं आणि नीट घडी घालून परत दिलं.

पुढच्या वर्षी त्या दोघांनी आपली झोपडी मोडून वस्तीतच आणली. सहाची सात घरं झाली. सटवा पुष्कळ दिवस खाली मान घालून वागला. बायकोशी तो महिनाभर बोलला नाही. मग एका अमावस्येच्या सकाळी बायनाबाई दोरा वळत बसली असताना तो शेजारी येऊन बसला आणि स्वतःच्या मांडीवर ताग वळू लागला. त्याला ते काही चांगलं जमत नव्हतं. पण त्या दिवसापासून जादा दोन लड्या त्याच्या हातच्या असत.

तीन वर्षांनी सटवाच्या घराचा शेवटचा जादा दोरा रांजणात पडला. मुक्ताबाईची नजर तोवर गेली होती. लड्या ती बोटांनी मोजत असे. तिनं त्याच दिवशी रांजण बायनाबाईनं सांभाळावा असं सांगितलं. बायनाबाई मागे सरली. म्हणाली, "आमच्या घरानं याच रांजणाला फसवलंय. दुसऱ्या कुणाला द्या."

"म्हणूनच तुला," मुक्ताबाई म्हणाली. "खोटं बोलताना माणसाला काय वाटतं, ते तुला ठावं हाय. पुढं कुणी तुझ्यापुढं तसं उभं राहिलं, तर तू वळखशील. आन् त्याला समजून घेशील."

मित्रांनो, मी आता फार विरलो आहे. माझ्या अंगात बायनाबाईच्या गाठी आहेत, केसरबाईचे टाके आहेत आणि गहिनीनाथनं एकदा दिलेलं ठिगळही आहे. तुमच्या घरातही अशी एखादी वस्तू असेल, जिच्यावर सगळ्यांचं पोट चालतं. ती कामावरून आली की तिला उन्हात किंवा पावसात टाकून देऊ नका. थकला असलात तरी घरी आणा. आणि शेजाऱ्याची वस्तू गेली तर ती आपलीच गेली असं समजून हात लावा. तरीही कधी तुमच्या हातून चूक झाली, तर ती आधी स्वतःच्या तोंडानं सांगा. फाटलेलं जाळं शिवता येतं, मित्रांनो, पण ते कुठं फाटलंय हे आधी कुणीतरी दाखवावं लागतं.