बिनवासाचा नवरदेव

लग्न ठरेपर्यंत शेखरनं आपल्या काखेचा विचार कधी केलाच नव्हता. पिरंगुटच्या कारखान्यात पत्र्याच्या शेडखाली मशिनांवर देखरेख करायची, घाम आला की स्प्रे फसाफसा मारायचा, विषय संपला. पण लग्न ठरलं सूसच्या सृष्टीशी, आणि सृष्टीला वास सोसत नव्हता. घामाचा नव्हे, सुवासाचा! सेंट, अगरबत्ती, अत्तर, काहीही नाकाशी आलं की तिला शिंकांची उबळ यायची, डोळे सुजायचे, आणि मग अर्धं डोकं धरून अंधार करून पडून राहावं लागायचं.

दुसऱ्याच भेटीत रुमाल नाकाला लावून ती म्हणाली, "शेखर, दोन गोष्टी कर. हा स्प्रे सोड. आणि माझ्या त्रासाचं साखरपुड्याआधी घरी सांग. सगळ्यांसमोर मला तमाशा नकोय."

"सांगतो की," शेखर म्हणाला.

पहिली गोष्ट पठ्ठ्यानं अशी मनावर घेतली की विचारू नका. आधी आणलं खोबरेल आणि खायच्या सोड्याचं मलम. बरणीवर लिहिलेलं, 'निसर्गाची देणगी'. मे महिन्यात गाडीच्या डिकीत त्या देणगीचं पार पाणी झालं, शर्टांच्या काखा तेलकट झाल्या, आणि सोड्यानं कातडी अशी सोलवटली की गडी दोन्ही हात अंगापासून लांब धरून कारखान्यात फिरायला लागला. कँटीनवाल्यानं विचारलंच, "साहेब, गळू झालंय का?"

मग ऑनलाइन मागवला कसलासा डोंगरातला नैसर्गिक स्फटिक. खोकं उघडलं तर आत तुरटी! न्हावी दाढीनंतर फिरवतो ती साधी तुरटी. ती काखेला लागायच्या आधीच त्याच्या आईनं, तुळजाबाईंनी, उचलून हंड्यात फिरवली. "बरं झालं आणलीस. पाणी लई गढूळ येतंय." त्यानंतर 'सुगंधरहित' असं ठसठशीत छापलेली डबी आणली, तर झाकण काढताच गवती चहाचा भपकारा. अरे, मग रहित काय आहे त्यात, तुमचं डोकं? मुलतानी मातीही लावून झाली. मीटिंगमध्ये फळ्याकडे हात केला आणि बाहीतून भुगा टेबलावर सांडला. शेखरच्या नाकी नऊ आले.

तुळजाबाई रोज हटकायच्या, "आरं, काय थापतोयस काखंत? खरूज झालीया का?"

आता हीच वेळ होती की नाही? एका वाक्याचं काम. पण हा बहाद्दर म्हणायचा, "काय न्हाई गं, उष्णता."

त्याची जीभ रेटत नव्हती, त्याला कारण होते जयसिंगराव, त्याचे वडील. भावकीत कुठलंही लग्न असो, मांडवाच्या दारात चांदीची अत्तरदाणी घेऊन जयसिंगराव उभे. प्रत्येक पाहुण्याच्या मनगटावर स्वतःच्या बोटानं अत्तर लावायचे, नाव घेऊन, ख्यालीखुशाली विचारून. कासार आंबोलीतली जमीन थोडी थोडी करत गेली, बंगलेवाले आले, पण हा मान काही त्यांच्याकडून कुणी घेतला नव्हता. पोराच्या साखरपुड्यासाठी त्यांनी हिना अत्तर मुद्दाम मागवलं होतं. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून अत्तरदाणी चिंचेनं घासत होते. त्या माणसाला कसं सांगायचं की आबा, अत्तर नको? शिवाय भावकीची तोंडं. मागं एक पोरगी पोहे देताना नुसती खोकली, तर दुखणेकरी म्हणून तिचं स्थळ मोडलं होतं.

शेवटी सूसच्या एका दुकानात काखेला फिरवायची मॅग्नेशियमची कांडी मिळाली. ना वास, ना डाग, ना जळजळ. शेडमधला पंखा बंद पडला त्या दिवशीसुद्धा काखा ठणठणीत कोरड्या. शेखरनं हर्षानं सृष्टीला फोन लावला, "सापडलं एकदाचं!"

"छान. घरी सांगितलंस?"

"आता तेवढंच राहिलंय."

तेवढंच! कपाळ बडवून घ्यावं नाहीतर काय. बाजारातल्या सगळ्या बरण्या पालथ्या घातल्या, पण बापाशी बोलायला याला तोंड उघडत नव्हतं.

साखरपुडा कासार आंबोलीत, घरासमोरच्या अंगणात होता. सकाळी आबांना बाजूला घेऊ, असं शेखरनं ठरवलं होतं. सकाळी आचारी ओरडत होता, जनरेटर बंद पडला होता आणि जयसिंगराव फेटा बांधून केव्हाच मांडवाच्या दारात उभे होते. शेखर दिसताच त्यांनी त्याची मनगटं धरली. "पैला मान नवरदेवाचा." मनगटांना लावलं, कानामागं लावलं, मायेच्या भरात कॉलरलाही लावलं. त्या गडबडीत अत्तरदाणी कलंडली आणि त्यांचीच बाही कोपरापर्यंत भिजली.

"आबा, ऐका—"

"आज मला अडवायचं न्हाई," जयसिंगराव हसत म्हणाले. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आलीच.

सृष्टी दारापर्यंत आली. जयसिंगरावांनी बोट पुढं केलं, "ये पोरी." तिनं पदर नाकाशी धरला आणि शिंका सुरू झाल्या, एकामागून एक. डोळ्यांतून पाणी घळाघळा. मागं बायकांत कुजबुज उठली, "रडतीया का काय? मनाविरुद्ध हाय वाटतं." सृष्टी फक्त शेखरकडे बघत होती.

"तू सांगितलंच नाहीस," ती म्हणाली.

तिचे वडील पुढं आले. "चल, गाडीत बस. काय ते मी बोलतो."

तेव्हा कुठं शेखरचं तोंड उघडलं. "थांबा! आबा, तिला अत्तर सोसत नाही. लई त्रास होतो. तिनं मला कवाच सांगितलं होतं. मीच तुमाला बोललो न्हाई."

जयसिंगरावांचं बोट हवेतच राहिलं. "का न्हाई बोललास?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून."

"अन् आता लई बरं वाटलं व्हय रं?"

त्यांनी अत्तरदाणीचं झाकण लावलं आणि ती तुळजाबाईंच्या हातात दिली. "पोरी, तू लांब सावलीला बस," ते सृष्टीला म्हणाले, "ह्याला घासून आणतो." घरामागच्या दगडावर शेखरला बसवून त्यांनी आचाऱ्याकडच्या बेसनानं त्याची मनगटं, कान, मान खसाखसा चोळली, वर पाण्याची नळी सोडली. अत्तर लागलेला शर्टही बदलायला लावला, तेव्हा शेखरचा वास गेला. मग जयसिंगरावांनी आपला भिजल्या बाहीचा सदरा बदलला, स्वतःचे हात धुतले, हुंगले, पुन्हा धुतले, पुन्हा हुंगले. त्यांच्या बोटांत वर्षानुवर्षांचं अत्तर मुरलेलं होतं.

"हे काय जायचं न्हाई," ते म्हणाले.

सृष्टीचं डोकं जरा उतरलं तशी ती येऊन पाटावर बसली. गुरुजींनी वराच्या वडिलांना हाक मारली. आला त्यांचा धाकटा भाऊ, विलासकाका. "दादानं मला बसायला सांगितलंय," असं म्हणून तो मान खाली घालून जयसिंगरावांच्या जागी बसला.

शेखरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगठी हातात घेऊन त्यानं बाहेर पाहिलं. मांडवापासून लांब, वारा इकडं येणार नाही अशा बाजूला, जयसिंगराव दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून, टाचा उंचावून बघत होते.