गुत्त्यावर

काठी बसली तशी हरिबाचे बांधलेले पाय दोरीत पिळवटले. त्याच्याच पटक्याचा बोळा तोंडात कोंबलेला, त्यामुळं ओरडणं घशातच राहिलं. डोंगरातून उतरलेले तिघे भूमिगत इमारतीच्या परसात त्याला पालथा पाडून तळव्यांवर आळीपाळीनं काठी चालवत होते.

"गावाला दारू पाजतोस व्हय रं?" नायकानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हाणलं.

भाकरी घेऊन आलेली सुलाबाई दारातच थिजली. मग किंचाळली.

"आवं, कसली दारू? पिठाची गिरणी हाय ही! माझं मालक हायती ते!"

नायकानं आतलं दार ढकललं. थंड पडलेलं इंजिन, पट्टा, दळणाच्या पाट्या. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या काळ्या कोटाला पीठ लागलं होतं.

या इमारतीच्या बाबतीत गाव कायम एक धंदा मागं असायचं. कापसाची वखार मोडून नाथाजीनं तिथं दारूचा गुत्ता काढला, तेव्हा माणसं "वखारीत जाऊन येतो" म्हणून जायची आणि झिंगून परतायची. बेचाळीसच्या धामधुमीत नाथाजी पळाला. हरिबानं गिरणी बसवली, तर बायका "गुत्त्यावरनं दळण आणते" म्हणत एकमेकींना टाळ्या द्यायला लागल्या.

आज सकाळीच पाणवठ्यावर एका दाढीवाल्यानं सुलाबाईला विचारलं होतं, "गुत्त्यावर कोण बसतं?" दळणाचं गिऱ्हाईक समजून ती म्हणाली होती, "आमचं मालक. दुपारचं जावा, गर्दी नसती." तो दाढीवाला आता हातात काठी घेऊन समोर उभा होता.

नायकानं हरिबाच्या तोंडातला बोळा ओढून काढला.

"खोटी खबर देणाऱ्यालाबी आमच्यात हेच मिळतं. कुणी सांगितलं हितं गुत्ता हाय म्हणून?"

दाढीवाल्याची नजर सुलाबाईवर गेली आणि खाली वळली. हरिबानं ती बघितली.

"म्याच."

"तू?"

"व्हय. गंमत म्हणून सांगत फिरतो. गुत्त्यावर या, म्हणतो."

दाढीवाला दोराची गाठ चाचपायला लागला.

"लय गंमत्या हाईस गड्या." नायकानं काठी उचलली. "दोर आवळा रं."

सुलाबाईनं भाकरीचं फडकं जमिनीवर ठेवलं. ती हरिबाच्या शेजारी बसली, लुगडं घोट्यापाशी घट्ट धरलं आणि दोन्ही पाय काठीखाली लांब केले.