आबांचे थेंब

भागुजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या मुलीनं, कल्याणीनं, सगळ्यांच्या मोबाईलवर एक ॲप टाकलं. ती मंचरला शाळेत शिकवायची. थोरला मुलगा राजरत्न चाकणला कंपनीत. आबा, म्हणजे भागुजी, राजुरीत एकटे. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब, सकाळ-संध्याकाळ बीपीची गोळी, शुक्रवारी तपासणी. कुठलं काम कुणाकडं, ते ॲपमध्ये लिहिलेलं. काम झालं की हिरवी खूण करायची, ती सगळ्यांना दिसायची. थेंब घालायचं काम शेजारच्या रुक्सानानं आपणहून घेतलं. तिचं शिलाईचं मशीन भिंतीपलीकडंच होतं.

अडचण एवढीच, की खुणेला पाच मिनिटं उशीर झाला तरी दोन्हीकडून फोन यायचे.

"आबा, थेंब घातले का?"

"घालतीया रुक्साना. आता डोळा उघडा ठेवू का फोन धरू?"

आठवड्याभरात आबा कंटाळले. रुक्सानाला म्हणाले, "पोरी, ती खूण मला शिकव. तीस वर्सं वायरमनकी केली, खांबावर चढून तारा जोडल्या. एक बोट टेकवायला काय लागतंय?" दोन दिवसांत शिकले. आरशासमोर बसून थेंबही स्वतःच घालायला लागले.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी आठची खूण वेळेवर पडली. बाराची पडलीच नाही. कल्याणीनं फोन लावला, तो लागेना. राजरत्नालाही लागेना. रुक्साना बघून आली.

"ताई, दाराला कुलूप आहे. काळा चष्मा न्हाई, चपला न्हाईत."

राजरत्न अर्धी सुट्टी टाकून गाडी घेऊन निघाला, वाटेत मंचरला कल्याणीला घेतलं. राजुरीत पोचले तेव्हा चारची वेळही उलटून गेलेली. स्टँड झालं, दवाखाना झाला, कुणी पाहिलं नव्हतं. रुक्सानानं केलेला चहा ओसरीवर तसाच गार झाला.

"मी म्हणत होतो, चाकणला नेऊ म्हणून," राजरत्न म्हणाला.

"आणि चौथ्या मजल्यावर दिवसभर काय करतील ते?" कल्याणी बोलली खरी, पण बोलता बोलता पुन्हा आबांचाच नंबर लावत होती.

पावणेसहाला तिघांचे फोन एकदम वाजले. बाराची हिरवी खूण. लगेच चारची. खाली वेळाही होत्या: बारा वाजून दोन मिनिटं, चार वाजून एक मिनिट. कल्याणीनं तिथल्या तिथं फोन लावला.

"आबा! कुठं आहात?"

"घोडेगावात. डोंगरावर आहुप्याला गेल्तो, आता कुणाच्या तरी पिकअपमधून उतरलो. वर रेंजच न्हाई, मंग खुणा कशा जातील? थेंब मात्र टायमावर घातलेत बरं का."

"कुणाला न सांगता?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं व्हय?"

ती एवढंच म्हणाली, "तिथंच थांबा, येतोय आम्ही." फोन ठेवल्यावर तिनं ओढणीनं डोळे पुसले, आणि मग तिला हसूच फुटलं.

आबांनी गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं. संपत त्यांचा खांबावरचा जोडीदार. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनला घाबरून वर्षानुवर्षं आहुप्यात बसून होता.

"फोनवर ऐकंना. मंग म्हणलं, डोळाच दाखवून येऊ. त्याला इचारलं, माझा शर्ट कुठल्या रंगाचा? म्हणतो पांढरा. ह्यो बघा, आकाशी! मंग अंगणातनं मी समोरच्या खांबावरचा नंबर वाचला. त्याला खरं वाटंना. सुनेला धाडलं. तिनं जवळ जाऊन वाचला, तर तोच. मंग हळूच म्हणतो, दुखतं का रं?"

"तुम्ही काय म्हणालात?" राजरत्नानं विचारलं.

"म्हणलं, दाढीला बसतोस त्यापरीस कमी. आन् राजरत्ना, परवा माझी तपासणी हाय, त्यासाठी तू सुट्टी काढलीच हायेस. घोडेगावात त्याला गाडीत घ्यायचा. लिवलंय मी यादीत, तुज्या नावावर."

राजरत्नानं गाडी बाजूला घेऊन फोन पाहिला. खरंच लिहिलं होतं.

कल्याणीनं एकच अट घातली: गाव सोडायचं तर तेही यादीत लिहायचं. आबांनी ती मान्य केली.

पुढच्या महिन्यात संपतच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. आहुप्याहून तपासणीला हेलपाटे नकोत म्हणून आबांनी त्याला आठ दिवस राजुरीतच ठेवून घेतलं. त्याच्या थेंबांच्या खुणा आबा करायचे, आणि जरा उशीर झाला की त्याच्या सुनेऐवजी कल्याणीच फोन करायची.

ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी पट्टी काढून आणली होती, त्या संध्याकाळी संपत ओसरीवर बसला. अंगण पाहिलं, दोरीवरचे कपडे पाहिले, मग वळून आबांकडं बराच वेळ बघत राहिला.

"भागुजी," तो म्हणाला, "किती म्हातारा झालास रं लेका!"

दोघं इतके मोठ्यानं हसले, की रुक्साना मशीन थांबवून बाहेर बघायला आली.