अठरा तारखेची बातमी, नऊ तारखेला

वेस्टन फोर्कच्या कॉलेजात फ्रॅटर्निट्या, म्हणजे एका घरात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बंधुमंडळ्या, चार होत्या आणि त्यांत झीटा ओमिक्रॉनचा नंबर पाचवा लागायचा. चौथा नंबर बागकाम मंडळाला द्यावा, असं डीन प्रुइट यांनी एकदा भर सभेत सुचवलं होतं आणि कुणीही हरकत घेतली नव्हती. झीटाच्या तेवीस बंधूंनीसुद्धा नाही, कारण ते सभेला पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता.

शहाऐंशी सालच्या सप्टेंबरात मुख्यालयाचं पत्र आलं. तीन वर्षांत शाखेच्या नावावर एकही कामगिरी नाही, सबब वर्षअखेर सनद परत का घेऊ नये, याचा खुलासा करावा. सनद गेली की मेपल स्ट्रीटवरचं घर जाणार, तेवीस बंधूंचे पलंग जाणार आणि सव्वीस वर्षं त्यांना जेवू घालणाऱ्या मिसेस कुबिचेकही जाणार.

"छप्पर पडलं नाही, असं लिहूया का?" अध्यक्ष थॅड लिंडक्विस्टने विचारलं.

"पडलं होतं," चिटणीस वेंडेल ग्रूब म्हणाला.

"कधी?"

"मार्चमध्ये. तुझ्या खोलीवरच पडलं. तू झोपला होतास."

वेंडेल चिटणीस होता, कारण त्याला दहा बोटांनी टाइप करता यायचं. बाकीच्यांची मिळून चौदा बोटं चालायची. पहिल्या वर्षी तो कॉलेजच्या खाणावळीत सात आठवडे एकटा जेवला होता. एके दिवशी बॉइड केटरमन नावाच्या डोंगराएवढ्या मुलाने त्याला हाक मारली, "ए, सोफ्याचं दुसरं टोक धर." तो सोफा झीटाच्या घरात पोचला, मिसेस कुबिचेकनी सोफा उचलणाऱ्यांना डुकराचं मटण आणि कणकेचे उकडलेले गोळे वाढले, आणि वेंडेल परत गेलाच नाही. त्यामुळे बाकीचे नुसते काळजीत होते, पण वेंडेलला झोप लागत नव्हती.

सगळी भिस्त अठरा ऑक्टोबरच्या शनिवारवर होती. त्या दिवशी होमकमिंग, म्हणजे सगळे माजी बंधू कॉलेजात परत येणार. सकाळी रक्तदान, दुपारी पलंगाची शर्यत, मग डीनसमोर गाणं आणि शेवटी जेवण. या सगळ्याची झकास बातमी वार्तापत्रात छापायची आणि एक प्रत मुख्यालयाला धाडायची, असं ठरलं.

अडचण एकच होती. गावातले छापखानेवाले लूमिस सहा तारखेला बदकांच्या शिकारीला निघत ते थेट नोव्हेंबरात परतत. तेव्हा वेंडेलने बातमी आधीच लिहिली. घडून गेल्यासारखी, तारखेसकट. आता छापून ठेवायची, शनिवार झाला की पोस्टात टाकायची. चुकलंमाकलं तर शाईने दुरुस्त करायची. त्याने लिहिलं:

'अठरा ऑक्टोबर रोजी तेवीसच्या तेवीस बंधूंनी रक्तदान केले. बंधू बॉइड केटरमन यांनी ते हसतमुखाने केले.

पलंगाच्या शर्यतीत झीटाने डेल्टा फ्रॅटर्निटीला अकरा फुटांनी हरवले.

बंधूंनी चार आवाजांत गायलेले गीत ऐकून डीन प्रुइट यांनी रुमालाने डोळे टिपले.'

"पान भरत नाहीये," लूमिस म्हणाले. "खाली एका ओळीची जागा उरते."

वेंडेलने डोकं खाजवलं आणि जगात कधीच होणार नाही अशी गोष्ट लिहिली, म्हणजे नंतर खोडायचं लक्षात राहील:

'जेवणानंतर श्री. ऑस्टरहाउस हे मिसेस कुबिचेक यांच्यासमवेत नाचले.'

ऑस्टरहाउस हे माजी बंधूंच्या समितीचे प्रमुख. सनद ठेवायची की काढायची, यावर मुख्यालय त्यांचंच मत मागवणार होतं. चाळीस वर्षं त्यांनी सरकारी जमिनी मोजल्या होत्या. नाचणं सोडाच, ते चालतानाही पावलं मोजायचे.

वेंडेलने सगळं एका खोक्यात घालून दिलं. त्याच खोक्यात माजी बंधूंच्या पत्त्यांच्या सहाशे बारा चिठ्ठ्याही राहून गेल्या. लूमिस भला माणूस. पोराचे हेलपाटे वाचावेत म्हणून त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या, सगळे अंक पोस्टात टाकले आणि ते बदकांकडे निघून गेले.

नऊ तारखेला घरातला फोन वाजला.

"चिटणीस आहेत का?"

"मीच बोलतोय."

"मी ऑस्टरहाउस. वार्तापत्र मिळालं. छान झालंय. फक्त एक शंका होती. आज नऊ तारीख ना?"

"हो, सर."

"मग अठरा तारखेची शर्यत तुम्ही जिंकलात कधी?"

आपण मेलो असं सांगून फोन ठेवावा का, याचा वेंडेलने विचार केला. पण मेलेल्या माणसाने ते स्वतः सांगणं बरं दिसलं नसतं.

"अकरा फुटांनी जिंकलो, सर," तो म्हणाला.

"ते वाचलं मी. हे बघा ग्रूब. आजवर सगळ्या शाखा झालेलं सांगत आल्या. होणारं सांगणारी तुमचीच पहिली. मी अठराला येतो. टेप आणतो, पेन्सिल आणतो. सगळ्या ओळी खऱ्या ठरल्या तर सनद राहील. एक जरी खोटी निघाली, तर ती मी स्वतः भिंतीवरून काढीन. खिळ्यासकट."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कुणी वाढलेलं संपवलं नाही. शाखेच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं, पण ही कामगिरी धरता येत नव्हती.

"माझं नाव कशाला घातलंस रे, वेंड्या?" बॉइडने रडवेल्या आवाजात विचारलं. बॉइड सुईला भ्यायचा. टाचणीने लावलेली नोटीससुद्धा तो लांबूनच वाचायचा. "आणि वर हसतमुखाने?"

"तुझं नाव लांब आहे. ओळ भरत होती."

"आणि प्रुइटला रडवणार कोण?" थॅड म्हणाला. "त्यांच्या सासूबाई वारल्या तेव्हासुद्धा..."

"तेव्हा ते हसलेही नव्हते," मिसेस कुबिचेक गोळ्यांचं पातेलं आपटत म्हणाल्या. "खा रे पोरांनो. उपाशीपोटी कुणी काही जिंकलेलं मी तरी पाहिलं नाही."

चौथी ओळ त्यांना कुणी वाचून दाखवली नाही. तेवढं धैर्य तेवीस जणांत मिळूनही नव्हतं.

अठरा तारीख उजाडली. सहाशे बारांपैकी एकशे चाळीस माजी बंधू आले. एरवी नऊ यायचे. प्रत्येकाच्या खिशात वार्तापत्राची घडी होती. पुढच्या आठवड्याचं वर्तमानपत्र हातात घेऊन आल्यासारखे ते उत्साहात होते.

रक्तदानाच्या तंबूत बावीस बंधू पटापट आडवे होऊन उठले. तेविसावा बॉइड. ऑस्टरहाउस खाटेच्या पायाशी पेन्सिल घेऊन उभे. नर्सबाई अनुभवी होत्या. बिस्किट सगळ्यांना नंतर देत, बॉइडला त्यांनी आधीच दिलं. लोण्याचं होतं. बॉइडने चावा घेतला, त्याच्या चेहऱ्यावर अपार समाधान पसरलं, आणि नेमकी तेव्हाच त्याला सुई दिसली. तो जागच्या जागी बेशुद्ध पडला. समाधान मात्र चेहऱ्यावर तसंच राहिलं.

"हसतायत," नर्सबाई रक्त घेता घेता म्हणाल्या.

ऑस्टरहाउस वाकून जवळून बघून आले. "हसतायत," ते म्हणाले आणि पहिल्या ओळीपुढे त्यांनी खूण केली.

आनंद तीन मिनिटं टिकला. मग नर्सबाईंनी सगळ्यांना बजावलं, "आज दिवसभर जड काही ढकलायचं नाही हं."

"पलंग जड असतो का, बाई?" थॅडने चाचरत विचारलं.

"वर कोण झोपलंय त्यावर आहे."

शर्यतीचा नियम साधा होता. चर्चच्या दारापासून कारंज्यापर्यंत चाकाचा पलंग न्यायचा, चौघांनी ढकलायचा, एकाने झोपेच्या कपड्यांत वर पडून राहायचं. डेल्टावाले दरवर्षी वर एक काडीपैलवान ठेवत आणि खाली कुस्तीचा संघ लावत. झीटाचा सगळ्यांत दणकट ढकलणारा म्हणजे बॉइड, आणि तो शुद्धीवर आला होता खरा, पण त्याला उभं राहता येत नव्हतं.

वेंडेल रस्त्याकडे बघत राहिला. चर्चपुढे चाळीस फूट सपाट. त्यानंतर कारंज्यापर्यंत सगळा उतार.

"बॉइड्या," तो म्हणाला, "तू वर झोप."

"मी? अरे, मी एकशे तीस किलो आहे."

"तेच म्हणतोय मी."

मिसेस कुबिचेकनी चाकांना डुकराची चरबी चोपडली. "केकसाठी ठेवली होती," त्या म्हणाल्या. "हरलात तर केक नाही, नुसता पाव."

शिट्टी वाजली. डेल्टावाले सुसाट सुटले. झीटाचे चौघं नर्सबाईंचं ऐकून पलंग ढकलत नव्हते, त्याला नुसते टेकत होते. सपाटीवर त्यांना एका म्हाताऱ्या माजी बंधूने मागे टाकलं. तो शर्यतीत नव्हता, पलीकडे कॉफी प्यायला चालला होता. डेल्टावाल्यांनी मागे वळून हात हलवले. तेवढ्यात बॉइडची पुढची चाकं उतारावर आली.

त्यानंतर जे झालं त्याला ढकलणं म्हणता येणार नाही. चौघांच्या हातातून पलंग निसटला. खडखडाटाने चर्चवरची कबुतरं उडाली. बॉइड दोन्ही कडा धरून देवाचं आणि आईचं नाव आलटून पालटून घेत होता. डेल्टाच्या पलंगाला त्याने अर्ध्या उतारावर गाठलं. "बाजूला व्हा, मला थांबवता येत नाहीये!" तो ओरडला, आणि डेल्टावाले खरोखर बाजूला झाले. शेवटची रेघ ओलांडून पलंग थेट कारंज्यात शिरला आणि बँडच्या ट्रॉम्बोनवाल्याला न्हाऊ घालून शांत झाला.

ऑस्टरहाउस तोवर रेघेजवळ टेप घेऊन गुडघ्यावर बसले होते. बॉइड रेघेवर असताना डेल्टावाले कुठे होते, तिथे त्यांनी खडूने खूण केली होती. चाळीस वर्षांचा सराव. त्यांनी एकदा मोजलं, पुन्हा मोजलं.

"अकरा फूट दोन इंच," ते म्हणाले. वेंडेलने टेपवर वाकून स्वतः आकडा वाचला. "दोन इंच आपण सोडून देऊ."

एकशे चाळीस टोप्या हवेत उडाल्या.

आता गाणं. बॉइड ओल्याच कपड्यांत उभा राहिला. डीन प्रुइट पहिल्या रांगेत, चेहरा टेबलासारखा. बंधूंनी चार आवाजांत गायला सुरुवात केली, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत ते चार वेगळ्या ठिकाणी पोचले. वरच्या पट्टीतले गाणं संपवून खाली बसले. खालच्या पट्टीतल्यांनी गोंधळून पहिलं कडवं पुन्हा घेतलं. सगळे गप्प झाले तरी थॅड एकटाच डोळे मिटून, छातीवर हात ठेवून, भलत्याच कडव्यात अजरामर बंधुत्वाची शपथ घेत राहिला. बॉइडच्या बाहीतून पाणी ठिबकत होतं, तेवढाच काय तो ताल होता.

डीनचे ओठ आधी घट्ट मिटले. मग खांदे हलू लागले. मग त्यांच्या तोंडून इतकी वर्षं कोंडलेला एक आवाज निघाला आणि ते खुर्चीत दुमडून हसायला लागले. हसता हसता खिशात हात गेला, रुमाल बाहेर आला, आणि त्यांनी डोळे टिपले. दोन्ही.

थॅडचा चेहरा पडला. "सर, पण हे तर..."

"कशामुळे टिपले, ते इथे लिहिलेलं नाही," ऑस्टरहाउस कागद वाचत म्हणाले आणि त्यांनी तिसरी खूण केली.

उन्हं कलली तेव्हा मागच्या अंगणात जेवणं उरकत आली होती. 'कोलाचे' नावाचे खसखशीचे केक संपले होते आणि एक माजी बंधू अकॉर्डियनवर पोल्का नाचाची धून वाजवत होता. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. सगळे ऑस्टरहाउसकडे चोरून बघत होते. त्यांनी कागद उलगडला. तीन खुणा. चौथी जागा कोरी.

"ग्रूब, ही ओळ का लिहिलीत?"

खोटं बोलायचं वेंडेलच्या मनात आलं, पण या माणसाने दोन इंच सोडून दिले होते. "पान भरत नव्हतं, सर. आणि मी जगात कधीच न होणारी गोष्ट शोधत होतो."

ऑस्टरहाउसनी कागदाची घडी घातली, पेन्सिल कानावर ठेवली, आणि अंगण ओलांडून ते मिसेस कुबिचेकपुढे जाऊन उभे राहिले. चौदा पावलं. "बाई, आपण नाचलो असं वार्तापत्रात छापलंय. नाचाल का?"

"मला कुणी विचारलं होतं?" मिसेस कुबिचेक कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "सहाशे घरी छापून पाठवलंत, आणि मला आज कळतंय! भांडी कोण घासणार?"

"आम्ही!" तेवीस आवाज आले. या वेळी एका सुरात.

"नाताळपर्यंत?"

"नाताळपर्यंत!"

त्यांनी एप्रन काढून बॉइडच्या हातात दिला, ऑस्टरहाउसांचा हात धरला आणि त्यांना अंगणात ओढलं. पोल्कावरच त्या लहानाच्या मोठ्या झालेल्या. ऑस्टरहाउस पहिल्या फेरीत पावलं मोजत होते, दुसऱ्या फेरीत त्यांचा आकडा चुकला, तिसऱ्या फेरीत त्यांनी मोजणं सोडलं. टोपी पडली. पेन्सिल उडाली. डीन प्रुइट टाळ्या वाजवत होते आणि पुन्हा डोळे टिपत होते, ज्याची आता काही गरज नव्हती.

संगीत थांबलं. ऑस्टरहाउस धापा टाकत आले, पेन्सिल शोधली, कागद उघडला. आणि थबकले.

"ही ओळ चुकीची आहे," ते म्हणाले.

वेंडेलच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची सनद आली. खिळाही.

"इथे लिहिलंय की मी नाचलो. मी नाचलो नाही. या बाईंनी मला नाचवलं."

"मग काय तर!" मिसेस कुबिचेक म्हणाल्या. "आणि पाय तीनदा तुडवलात, तेही लिहा."

"दुरुस्ती छापावी लागेल," ऑस्टरहाउस गंभीरपणे म्हणाले. "त्यासाठी पुढचा अंक निघायला हवा. अंक निघायला शाखा असायला हवी." त्यांनी चौथ्या ओळीपुढे खूण केली आणि पेन्सिल वेंडेलच्या खिशात खोचली. "सनद राहील. आणि ग्रूब, पुढच्या वर्षी पान भरलं नाही, तर जागा कोरी सोडा."

बावीस बंधूंनी वेंडेलला उचललं. त्याला खांद्यावर घेऊन ते घराला तीन फेऱ्या मारणार होते. दुसऱ्याच फेरीला सगळ्यांना सकाळच्या रक्तदानाची आठवण झाली आणि त्यांनी त्याला आत नेऊन हळूच सोफ्यावर ठेवलं. सोफा तोच होता. वेंडेल तिथूनच ओरडला, "ए, दुसरं टोक कुणी धरतंय का?" आणि सगळे भांडी घासायला गेले.