खिडकीकडचा तुकडा

"ते सगळं राहू द्या. वास किती लांब जातो, तेवढं सांगा," शेतकरी म्हणाला.

यंत्रांच्या आवारातला विक्रेता बिचारा मघापासून जमिनीत नत्र किती टिकतं आणि गवत किती दाट येतं ते समजावत होता. शेतकरी एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत, टोपी काढत, परत घालत समोर उभा. आसपासचे सगळे त्याला 'घाईवाले' म्हणायचे. हा माणूस उभ्या उभ्या जेवायचा. प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी पोचायचा आणि शेवटचं पद संपण्याआधी दाराशी जोडे शोधायला लागायचा. देवापुढेसुद्धा हात घाईतच जुळायचे. जुळायचे मात्र मनापासून, देवाची तक्रार असावी असं वाटत नाही.

"एका दमात सांगून टाका," शेजारी उभी असलेली मेहुणी विक्रेत्याला म्हणाली. "दुसऱ्या दमाला आमचे भाऊजी इथे असतीलच असं नाही."

ती त्याच्या बायकोची धाकटी बहीण, शहरातल्या एका इस्पितळात नर्स. ताईला बघायला म्हणून रजा काढून आली होती आणि घरात पाऊल टाकल्यापासून भाऊजींना सरळ करण्याचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं.

शेतकऱ्याच्या गोठ्यात गाई भरपूर. त्यांचं शेण, मूत आणि गोठा धुतलेलं पाणी असं सगळं मिळून जो काला होतो त्याला तिकडे स्लरी म्हणतात. ती मागच्या हौदात साठते आणि मोसमात टँकरने गवतावर टाकतात. आजवर त्याच्या टँकरच्या शेपटाला एक लोखंडी थाळी होती. स्लरी जोरात येऊन थाळीवर आपटायची आणि पंख्यासारखी हवेत उडायची. काम झटपट. त्याच्या स्वभावाला अगदी साजेसं. पण हवेत उडालेल्या स्लरीतला झोंबरा वायू वाऱ्यावर स्वार व्हायचा आणि डोळ्यांना, नाकाला, घशाला लागायचा. धडधाकट माणसं नाक मुरडून गप्प बसायची. घरात जी बसली होती तिला ते परवडणारं नव्हतं.

त्याच्या बायकोचा दम गेली दोन वर्षं कमी होत चालला होता. एकेकाळी प्रार्थनेत पदाची पहिली ओळ तिने उचलायची आणि मग बाकीच्यांनी, असा रिवाजच पडला होता. आता बोलताना वाक्याच्या मध्येच थांबून ती हवा शोधायची. खिडकी बंद केली की घुसमटायची. आणि गेल्या मोसमात खिडकीसमोरच्या तुकड्यावर त्याने थाळीने स्लरी मारली, तेव्हा बंद खिडकीच्या फटींतून जेवढं आत आलं तेवढ्यावर तिला इस्पितळात हलवावं लागलं. ओठ निळे पडले होते. तेव्हापासून त्या तुकड्याला त्याने थेंब दाखवला नव्हता. तिथलं गवत पिवळं, विरळ झालं आणि हौद काठोकाठ आला.

आदल्या दिवशी स्वयंपाकघरात मेहुणीने सरळ सांगून टाकलं होतं. "या खेपेला खिडकी उघडी ठेवून तुमचं काम निभलं तर ताई इथे. नाहीतर मी तिला माझ्याकडे नेते. चौथा मजला आहे, पण हवा तरी धड आहे. गाई विका असं मी म्हणणार नाही, पण ताईला गाईंच्या पायी घालवणारही नाही."

ताई खिडकीकडे बघत राहिली. त्या खिडकीतून पिवळा तुकडा दिसायचा, त्यापलीकडे गाई, आणि बहुतेक वेळा गाईंमागे धावणारा नवरा.

विक्रेत्याने अखेर हात टेकले आणि सोप्या भाषेवर आला. यंत्रं तीन तऱ्हेची होती. एकात जमीन चिरून स्लरी आत सोडायची. वास सगळ्यांत कमी, पण खडकाळ रानात पाती मोडणार. शेतकऱ्याच्या रानात कुदळ मारली की आधी दगडाचाच आवाज यायचा, तेव्हा ते बाद. दुसऱ्यात आडव्या दांड्याला नुसत्या नळ्या लोंबतात आणि जमिनीजवळ ओळी सोडत जातात. हलकं, रुंद, पण उंच गवतावर थोडी स्लरी पात्यांनाच माखून राहते. तिसऱ्यात प्रत्येक नळीच्या टोकाला लोखंडी बूट. तो गवताचा भांग पाडतो आणि स्लरी थेट मुळाशी, मातीवर ठेवतो. वर गवत परत मिटतं.

"भांग पाडतो," शेतकरी स्वतःशीच म्हणाला. हे त्याला पटलं. वाकून त्याने एका बुटाखाली हात घातला, तो वर-खाली हलवून पाहिला. "म्हणजे उडत नाही. ठेवली जाते."

"ठेवली जाते. पण वास अजिबात येणार नाही असं मी म्हणत नाही, हं. तसं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून घेऊ नका. आणि एक गोष्ट आहे." विक्रेत्याने मेहुणीकडे आधाराला पाहिलं. "हे हळू चालवायचं. माणूस शांतपणे चालतो ना, त्या वेगात. पळवलंत तर बूट उड्या मारणार, आणि मग तुमची थाळीच बरी होती म्हणा."

मेहुणी इतकी हसली की तिला यंत्राला धरून उभं राहावं लागलं.

यंत्र आलं, टँकरला जोडलं गेलं. डोक्यावर गोल पेटी, तिच्यातून चहूकडे निघालेल्या नळ्या. नळ्यांत दोरी-काडी अडकू नये म्हणून पेटीत फिरती पातीही होती. पुढचे काही दिवस त्याने स्वतःचा आणि सगळ्यांचा जीव खाल्ला. हवा हवी थंड, ढगाळ, वारा अगदी मंद. ऊन असलं की वायू जास्त उठतो. मुसळधार पाऊस येणार असेल तर काहीच करायचं नाही, सगळं वाहून ओढ्यात जायचं. त्याने कुंपणाच्या खांबाला बायकोच्या जुन्या ओढणीची पट्टी बांधली आणि दिवसभर तिच्याकडे बघत राहिला. बायको आतून त्याच्याकडे बघायची.

"अहो, बसा ना जरा," ती म्हणाली.

"बसतो, बसतो," असं म्हणत तो बाहेर गेला.

एका सकाळी ढग दाटून आले, पण पावसाचे नव्हते. ओढणीची पट्टी घराकडून तुकड्याकडे झुकलेली. म्हणजे तुकड्यावरचा वास घरापासून लांब जाणार. याहून चांगला दिवस देव तरी कुठून आणणार? त्याने गाई बाहेर काढल्या, गोठ्याची दारं सताड उघडली, हौदाजवळ कुणी येऊ नये म्हणून दोर लावला आणि ढवळणी सुरू केली. साठलेली स्लरी ढवळल्याशिवाय भरता येत नाही; वर साय धरते आणि खाली गाळ बसतो.

ढवळणी फिरली, वरची कडक साय फुटली, आणि कित्येक महिने कोंडून पडलेला वास एकदम उठला.

तो काठापासून लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभा होता. त्याच्यापर्यंत काही आलं नाही. घराच्या दिशेने नजर गेली तेव्हा त्याला उमगलं. तुकडा घराच्या पुढे आणि हौद घराच्या मागे. वारा घराकडून तुकड्याकडे, म्हणजेच हौदाकडून घराकडे. इतके दिवस त्याने तुकड्यापुरता वारा मोजला होता. हौद त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

ढवळणी बंद करून तो घराला वळसा घालून धावला. खिडकी लागलेली होती. आत खोकल्याची उबळ चालली होती, लांबलचक, शेवटी आवाजच नसलेली. काचेआड मेहुणीची पाठ आणि बायकोचा पुढे वाकलेला खांदा. कॉटच्या पायाशी बॅग होती. भरलेली. ती कधी भरली हे त्याला माहीत नव्हतं.

बऱ्याच वेळाने मेहुणी बाहेर आली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"भाऊजी, यंत्र शहाणं आणलंत," ती म्हणाली. "आता ते चालवणाराही तसाच आणायला हवा होता."

त्याने टोपी काढली आणि ती हातात चुरगळत उभा राहिला. गाडी बोलावतो, तिला आजच घेऊन जा, असं तो म्हणाला. हौदाचं काय व्हायचं ते होईल. मेहुणी आत गेली आणि लगेच परत आली.

"ताई म्हणतेय, ते हौदाचं झालं. शेतातलं अजून बघितलं नाही." मग, नर्सच्या आवाजात नव्हे, बहिणीच्या आवाजात: "म्हणतेय, त्यांना म्हणावं घाई करू नका."

वास ओसरायला दुपार झाली. तेवढा वेळ त्याला नुसतं थांबायचं होतं. त्याने नळ्या पुसल्या, पुसलेल्या परत पुसल्या, गाईंना उगाच एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. खिडकी उघडल्याचा आवाज झाला तेव्हा कुठे त्याने टँकर भरून घेतला आणि तुकड्यावर आला.

दांडा उलगडला, बूट जमिनीवर टेकवले, झडप उघडली. थाळी होती तेव्हा मागे केवढा फवारा, केवढा गाजावाजा. आता मागे पाहिलं तर काहीच होत नव्हतं. फक्त पिवळ्या गवतात काळ्या बारीक ओळी उमटत होत्या, वहीवर पट्टीने मारल्यासारख्या. त्याला भरवसा वाटेना. त्याचा पाय आपोआप दाबला गेला, ट्रॅक्टर पुढे उसळला आणि बूट दगडांवरून खडखडले. त्याने पाय उचलला. थोड्या वेळाने परत तेच.

मग त्याला सुचलं. बायको एक पद संथ लयीत म्हणायची, इतक्या संथ की पूर्वी तो दाराशी जोडे घालून संपायची वाट बघत उभा असायचा. ते पद तो म्हणू लागला. गळा त्याला कधी नव्हताच. पण त्या लयीत पाय स्थिर राहिला आणि बूट जमिनीला धरून चालू लागले.

तुकडा अर्धा झाला असेल, तेव्हा त्याचं खांबाकडे लक्ष गेलं. ओढणीची पट्टी लुळी पडली होती. बघता बघता हलली, वळली, आणि घराकडे बोट दाखवल्यासारखी ताठ झाली.

टँकरमध्ये अजून पुष्कळ शिल्लक होतं. खिडकीत मेहुणी येऊन उभी राहिली होती आणि खिडकी लगेच ओढून घेता यावी म्हणून तिचा हात दांडीवर होता. थांबून तरी काय होणार? जे टाकलं ते टाकलंच होतं. त्याने देवाला काही मागितलं नाही, मागायला शब्द जुळेनात. तो तेच पद घोळवत राहिला आणि त्याच वेगात घराच्या दिशेने येत राहिला.

खिडकीच्या अगदी समोर आल्यावर मागच्या ओळींमधली एक ओळ गायब दिसली. त्याने झडप बंद केली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. एका नळीच्या तोंडाशी गवताच्या गठ्ठ्याची निळी दोरी अडकली होती, पात्यांतूनही निसटलेली. गुडघे टेकून तो ती ओढायला लागला. हात कोपरापर्यंत बरबटले. पाठीवर वारा लागत होता, सरळ घराकडे जाणारा. मान वर करायचं त्याच्याच्याने होईना.

"अहो."

तिचा आवाज. बारीक, पण खोकल्याविना.

"दुसऱ्या ओळीनंतर," ती म्हणाली आणि हवेसाठी थांबली, "श्वास घ्यायचा असतो. तुम्ही तसेच... पुढे पळता."

त्याने वर पाहिलं. खिडकी पूर्ण उघडी. मेहुणीचा हात दांडीवर नव्हता.

"वास?" त्याने विचारलं.

"आहे थोडा. गाईंचा असतो तेवढा," ती म्हणाली. "पद चुकवू नका."

मेहुणी आतल्या बाजूला वळली. त्याला खिडकीतून दिसलं, तिने बॅगेतले ताईचे कपडे काढून ठेवले, स्टुलावर चढून रिकामी बॅग कपाटावर सरकवली आणि पदराने स्टूल पुसून जागेवर ठेवलं.

दोरी निघाली. ती त्याने खिशात कोंबली, हात गवताला पुसले आणि ट्रॅक्टरवर चढला. झडप उघडली. बूट टेकले.

पहिली ओळ या वेळी त्याने नाही, तिने उचलली. खिडकीतून, पूर्वी उचलायची तशीच, वरच्या सुरात. निम्म्यावर तिचा दम संपला. ओळ हवेत तशीच राहिली. त्याने ती उचलली आणि आपल्या बेसूर गळ्याने शेवटपर्यंत नेली. दुसरीही म्हटली. मग थांबला, सावकाश श्वास घेतला, आणि गवताचा भांग पाडत ट्रॅक्टर पुढे चालला.